मोतीबिंदू आणि प्लेटलेट : भय नको, जयणा हवी
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यान)

 

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील वडीलधारी मंडळी नेत्रशिबिरात येतात. रक्ततपासणीत प्लेटलेट कमी आढळल्या, की ‘शस्त्रक्रिया आपल्या नशिबी नाही’ असे समजून कित्येक जण अंधूक दृष्टीनेच उरलेले आयुष्य कंठतात. हा समज दूर व्हावा, एवढाच आजचा हेतू.

प्लेटलेट रक्तस्राव थांबवितात. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या सुमारे दीड ते साडेचार लाख असतात. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी त्या निदान ५० हजार असाव्यात, असा सर्वसाधारण संकेत आहे. मोतीबिंदूची गोष्ट निराळी. फेको पद्धतीत छेद पारपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याला देतात. तेथे रक्तवाहिन्याच नसतात. अधिक धोका संभवतो तो बधिरतेसाठी डोळ्यामागे सुईने दिलेल्या इंजेक्शनचा. तेथे रक्त साकळल्यास दृष्टीच्या मज्जातंतूवर दाब येऊन दृष्टी गमावण्याची भीती असते. म्हणून अशा रुग्णाला शक्यतो केवळ थेंबांनी बधिरता आणून फेको करणे श्रेयस्कर ठरते.

मात्र संख्येइतकेच तिचे कारणही महत्त्वाचे. पावसाळ्यात डेंग्यू वा मलेरियाने प्लेटलेट घटल्या असतील, तर बरे होईपर्यंत थांबावे. मोतीबिंदू सहसा काही आठवडे वाट पाहू शकतो. यकृताचे वा रक्ताचे विकार आणि काही औषधे हीही कारणे असतात. तेथे फिजिशियनचा सल्ला अनिवार्य. कधी नळीतच प्लेटलेटचे पुंजके होऊन यंत्र खोटी कमी संख्या दाखवते. काचपट्टीवर रक्त पाहिले की उलगडा होतो. बी-१२ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावानेही त्या घटतात. आयंबिलात दूध-दही वर्ज्य असते. म्हणून दीर्घ तप केले असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. त्यात तपाचे उणेपण नाही.

हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग पडणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणे, यांपैकी काहीही नोंदणीच्या वेळी लपवू नये. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत.

अहिंसेच्या आचरणात जयणेला जे स्थान, तेच शस्त्रक्रियेत पूर्वतपासणीला. शिबिरातून परत पाठविलेल्या वडिलांना घरी बसवू नका; फिजिशियनकडे न्या आणि पुन्हा नेत्रतज्ज्ञांकडे आणा.

जय जिनेंद्र!