दुखणे आणि त्याचे नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला 'आरोग्य' या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, बाई, मी डॉक्टरीण नाही, नर्सही नाही. शाळेचे गणवेश आणि बायकांची पोलकी शिवणारी मी बाई. त्यावर त्या म्हणाल्या, "वीस वर्षे दुखणे अंगावर काढून तुम्ही मशीन चालवली, तेच सांगा." तेव्हा आज मी आरोग्यावर बोलणार नाही, दुखण्यावर बोलणार आहे. आहार आणि स्वच्छता यांविषयी आपण दरवर्षी ऐकतोच.

ताप आला तर कपाळाला हात लावून कळतो. गळू झाले तर दिसते. हाड मोडले तर शेजारीपाजारी भेटायला येतात, चहा-साखर आणतात. पण नुसते दुखते म्हणणाऱ्या बाईचे कोणाला काय दिसणार? माझ्या सासूबाई मनाने वाईट नव्हत्या, तरी त्याही म्हणत, "पोरी, कामाच्या वक्तालेच कसं दुखते वं तुह्यं?" शेजारची म्हणे, "तुले काय झालं वं? दिसतं तं चांगली!" आणि खरेच, दोन ठणक्यांच्या मधल्या दिवसांत मी चांगलीच दिसत असे. भाकऱ्या थापी, पाणी भरी, फगव्याच्या दिवसांत पोराबाळांबरोबर हसत असे. मग पुन्हा एखाद्या रात्री कमरेपासून मांडीपर्यंत असा ठणका सुरू होई की कूस बदलता येत नसे.

आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत पाहा. कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी. सलते ते निराळे, ठसठसते ते निराळे, आंबून जाते ते तर अगदीच निराळे. घरात बोलताना आपण हे सारे शब्द बरोबर वापरतो. पण डॉक्टरांसमोर बसलो की सगळे विसरतो आणि म्हणतो, "अंग दुखते." डॉक्टरांच्या दारात साठ माणसे उभी. ते बिचारे 'अंग दुखते' याला जे औषध असते ते लिहून देतात. आपण ते घेतो, दोन दिवस बरे वाटते, आणि गोष्ट तेथेच राहते.

माझी गोष्ट लहानपणापासूनची. माझी आई सांगे की मी वर्षाची असताना माझे हातपाय पुरीसारखे सुजले होते, आणि कोणी म्हणाले बाहेरचे आहे. पुढे शाळेत असताना गुडघे, कोपरे, पाठ आळीपाळीने दुखू लागली. त्याला आमवात म्हटले गेले. तेल लावले, शेक दिला, इंजेक्शने झाली. मधूनमधून डोळे पिवळे होत, तेव्हा कावीळ उतरवून आणत. चेहरा पांढुरका, म्हणून लोहाच्या गोळ्या चालूच होत्या. मेळघाट म्हटले की वर्तमानपत्रांना कुपोषण आठवते, आणि दवाखान्यांनाही तेच आठवते. इकडची बाई पांढुरकी दिसली की तिला खायला मिळत नाही, असे सगळे धरूनच चालतात. माझ्या माहेरी जेवणाची आबाळ नव्हती; पण तसे कोणी विचारले नाही. लग्नानंतर एका दवाखान्यात तर मला सांगण्यात आले की तपासण्या साऱ्या ठीक आहेत, बाईंनी मन रमवावे. मन रमवायला वेळ कोणाला होता? जून महिना तोंडावर आला होता आणि दोनशे गणवेश शिवायचे होते.

आपल्या भागात यापेक्षा वाईट उपायही होतात, ते आपणांस ठाऊक आहेत. लेकराचे पोट फुगले, कोठे दुखले, तर विळा तापवून डाग देतात. ज्या आया असे करतात त्यांना हसू नये. त्यांनाही दुखण्याचे नाव कोणी सांगितलेले नसते. पण याच विळ्याशी माझ्या दुखण्याचा वेगळा संबंध निघाला, तो आता सांगते.

काही वर्षांपूर्वी गावात रक्त तपासणारे पथक आले होते. बोटाला टोचून थेंब घेतला, आणि मला सांगितले, "बाई, तुमचे सिकलसेल पॉझिटिव्ह आहे. पण घाबरू नका, तुम्ही नुसत्या वाहक आहात. वाहकाला काही होत नाही." मी घरी आले. नाव मिळाले खरे, पण ते माझ्या दुखण्याचे नाव नव्हे. कारण वाहकाला काही होत नाही, आणि मला तर होत होते. त्यानंतरची तीन वर्षे सगळ्यांत कठीण गेली, कारण आता घरातलेही म्हणू लागले की तपासले, काही निघाले नाही, मग हे काय?

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी म्हणून मी थोडे थांबते. बोटातल्या रक्ताची ती साधी तपासणी, जिला विद्राव्यता चाचणी म्हणतात, ती एवढेच सांगते की रक्तात विळ्याचा दोष आहे. तो दोष एका बाजूने आला आहे की आई-बाप दोघांकडून आला आहे, हे ती सांगू शकत नाही. वाहक आणि रोगी दोघांचीही चाचणी पॉझिटिव्हच येते. ते ओळखायला दुसरी तपासणी लागते, इलेक्ट्रोफोरेसिस नावाची. पहिल्या चिठ्ठीवर 'वाहक' असा शब्द घालण्याचे काही कारण नव्हते, पण तो घातला गेला.

त्या काळात मी एक काम केले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणा करू लागले. दुखले त्या तारखेला टिंब. फार दुखले तर फुली. कोठे दुखले त्याचे एक अक्षर, आणि त्या दिवशी काय घडले त्याचा एखादा शब्द: थंडी, उपास, उन्हातून चालणे, ताप, लघवी लालसर. वर्षभराने पाहिले तर फुल्या पौषात दाट, वैशाखात दाट, आणि निर्जळी उपासाच्या दुसऱ्या दिवशी हटकून एक. त्या सुमारास आपल्याकडे एक तरुण डॉक्टरीण बाई नोकरीवर आल्या होत्या. मी दिनदर्शिकाच काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी बारा पाने उलटली, माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, लहानपणी हातपाय सुजले होते का, कावीळ किती वेळा झाली, असे विचारले, आणि माझे रक्त दुसऱ्या तपासणीसाठी पाठवले. उत्तर आले तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. मी वाहक नव्हते. दोष दोन्हीकडून आलेला होता.

आता हा रोग काय आहे, ते मला समजले तसे सांगते. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, बारीक वाटेतूनही अंग चोरून निघून जातात. या रोगात, त्यांनी आपल्याजवळचा प्राणवायू देऊन टाकला की त्या ताठरतात आणि विळ्यासारख्या वाकड्या होतात. नळीत पालापाचोळा अडकावा तशा त्या बारीक रक्तवाहिनीत अडकतात. पुढच्या हाडामांसाला रक्त पोहोचत नाही, आणि ते जे ओरडते तोच ठणका. थंडीने वाहिन्या आवळतात, पाणी कमी प्यायल्याने रक्त दाट होते. म्हणून माझ्या फुल्या पौषात आणि वैशाखात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याची पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. मोडलेल्या पेशींमुळे डोळे पिवळे आणि चेहरा पांढुरका. लोहाच्या गोळ्यांनी हा पांढुरकेपणा जायचा नव्हता. चौतीस वर्षांची वेगवेगळी दुखणी त्या एका कागदावर एकत्र आली.

तुम्ही म्हणाल, नाव कळले म्हणून दुखायचे थांबले का? थांबले नाही. पण त्या दिवशी एसटीतून घरी येताना मला जे वाटले ते आनंदाच्या फार जवळचे होते. रोगाचा आनंद कोणाला होतो! पण मी खोटी नव्हते, हे आता कागदावर होते.

या रोगाची जगाला पहिली माहिती कशी झाली, ते वाचून मला मोठे नवल वाटले. वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून अमेरिकेत शिकागोला दातांची डॉक्टरी शिकायला गेला होता. १९०४ साली तो तेथील रुग्णालयात आला. जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० साली त्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींविषयी लेख लिहिला, पण त्या रोगाला नाव देता आले नाही. आजचे नाव १९२२ साली पडले. तोपर्यंत नोएल शिक्षण पुरे करून, आपल्या बेटावर परत जाऊन, लोकांचे दात तपासत राहिला आणि १९१६ साली न्यूमोनियाने वारला. म्हणजे ज्याच्यामुळे रोग जगाला कळला, त्याला स्वतःला त्याचे नाव कळले नाही, आणि तो काम करीत राहिला. हा माणूस मला माझ्या नात्यातला वाटतो.

आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींत हा दोष आढळला, आणि १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या रुग्णांविषयी लिहिले. नागपूरचे संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी फार खस्ता खाल्ल्या. २०१८ साली त्यांच्या नावाने पद्मश्री जाहीर झाली. विदर्भात हा रोग पुष्कळ आहे आणि तो एका जातीचा नाही. आदिवासींत आहे तसा इतरांतही आहे. जेथे हिवताप फार, तेथे हा दोष टिकून राहिला, कारण वाहकाला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते. डासांच्या या जंगलात तो असणारच.

औषधाविषयी थोडक्यात. हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध आहे. १९९५ साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने ठणक्याचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत घ्यायचे असते; दिवस गेलेल्या किंवा जायची इच्छा असलेल्या बाईने तर विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. माझ्या फुल्या त्याने कमी झाल्या. उजवा खुबा मात्र सुधारला नाही. तेथले हाड रक्तावाचून आधीच झिजले होते, आणि तो रोज थोडा दुखतोच.

तेव्हा काम कसे चालते ते सांगते, कारण बहुतेकींना तेच विचारायचे असते. पायाची मशीन सोडून मोटार बसवून घेतली. तिचे पैसे दोन दिवाळ्यांत फेडले. बसायला उंच पाट केला. पाण्याचा तांब्या मशीनशेजारी असतो आणि दुपारपर्यंत दोनदा रिकामा झालाच पाहिजे, असा मुलीचा दंडक आहे. निर्जळी उपास सोडले. देव समजून घेईल, सासूबाईंनीही घेतले. काज-बटणाचे काम शेजारच्या मुलीला देते. गणवेशाचे कापड आता एप्रिलातच मागते, म्हणजे मे-जूनमध्ये रात्रीचे जागरण होत नाही. दुखणाऱ्या बाईला काम सोडा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला बसून राहिल्याने अधिक दुखते, आणि शिवणाचे पैसे घरात लागतात.

आता एक नाजूक गोष्ट. तपासणी आली की ती मुलीचीच होते. ओळखीतल्या एका मुलीचे ठरलेले लग्न ती वाहक निघाली म्हणून मोडले. मुलाचे रक्त कोणी तपासलेच नाही! अहो, एकटी मुलगी वाहक असली आणि मुलगा निर्दोष असला तर लेकरांना हा रोग होत नाही. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला चारात एक रोगी होण्याचा संभव. म्हणजे हिशेब दोघांचा आहे. माझे यजमान आपण होऊन तपासायला गेले, निर्दोष निघाले; म्हणून माझी दोन्ही मुले वाहक आहेत, रोगी नाहीत. मुलीच्या लग्नाच्या वेळी मी पत्रिकेच्या आधी मुलाचा तो कागद मागणार आणि तिचाही समोर ठेवणार. लोक काय म्हणायचे ते म्हणोत.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे केंद्र सरकारने या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असे तिचे उद्दिष्ट ठरले. मोहीम चांगली आहे. पण चाळिशीच्या पुढच्या आपल्या सासवा आणि जावा, ज्या आजही वात म्हणून तेल चोळत बसल्या आहेत, त्यांचे काय? त्यांना आपणच घेऊन गेले पाहिजे. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही पुष्कळांना माहीत नसते.

प्रत्येक अंगदुखी सिकलसेलची नसते. कोणाचा खरेच आमवात असेल, कोणाचा मणक्याचा क्षय असेल, कोणाचे आणखी काही. माझे म्हणणे तपासणीपुरतेच आहे.

चिटणीसबाई घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा आटोपते. माझ्या दिनदर्शिका आणि ते दोन कागद, पहिला 'वाहक' लिहिलेला आणि दुसरा खरा, मी पेटीत जपून ठेवले आहेत. ज्या भगिनींना खुणा कशा करायच्या ते पाहायचे असेल, त्यांनी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान घरी यावे. त्या वेळी मी मशीनवर असते. येताना घरात कोणाला लहानपणी हातपाय सुजले होते का, एवढे मात्र म्हाताऱ्या माणसांना विचारून यावे.