सॉफ्टवेअर घडविणारा माणूस कसा घडतो?

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेले भाषण)



सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना मार्गदर्शन करावे, असा निरोप सचिवांकडून आला तेव्हा प्रथम आम्हाला संकोच वाटला. आम्ही कला शाखेचे पदवीधर. पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करतो. प्रोग्रामची एक ओळही आम्हाला लिहिता येत नाही. परंतु दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामसमोर आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ बसलो आहोत. स्वयंपाक येत नसला तरी रोज जेवणाऱ्याला मीठ कमी की जास्त हे कळतेच. तेवढ्याच अधिकाराने आज चार शब्द बोलणार आहोत.

प्रारंभी एक कबुली देणे आम्हाला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील एक मुलगा आमच्याकडे आला. त्याची आई शेतमजुरीला जाते. त्याने संगणकाचा डिप्लोमा पूर्ण केला होता, परंतु दोन-तीन मुलाखतींत तो नापास झाला होता. "काका, माझं इंग्रजी कच्चं हाय. मला ह्ये जमंल असं वाटत न्हाई," असे तो म्हणाला. आम्ही क्षणाचाही विचार न करता त्याला सांगितले, "सोड तो नाद. बँकेच्या परीक्षेला बस. घराला आधार होईल." त्याने आमचे ऐकले. एक वर्ष परीक्षा देण्यात गेले आणि तेथेही थोडक्या गुणांनी त्याची संधी हुकली. आम्ही त्याच्या भल्यासाठीच बोललो होतो, परंतु त्याची आवड कशात आहे हे विचारण्याचे कष्ट आम्ही घेतले नव्हते. त्या मुलाचे पुढे काय झाले ते ओघात येईलच.

विद्यार्थी मित्रांनो, प्रेरणा म्हटले की आपली नजर पुणे, बंगलोर, अमेरिका अशी दूर दूर जाते. वास्तविक पाहता आपल्या अंगणात काय घडले तेही आपल्याला ठाऊक नसते. १९९८ साली आपल्या शेजारच्या वारणा परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी, संगणकांनी जोडलेल्या गावांचा एक मोठा प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक बसले. शेतकऱ्याला बाजारभाव, पीक सल्ला, इंटरनेट असे सर्व काही गावातच मिळावे हा त्यामागील उदात्त हेतू होता. काही वर्षांनी बंगलोरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेतील मंडळी त्याचा अभ्यास करावयास आली. ती गावात बसली आणि लोक प्रत्यक्षात संगणक कशासाठी वापरतात ते त्यांनी पाहिले. तेव्हा असे दिसून आले की इंटरनेटकडे फारसे कोणी फिरकत नव्हते. संगणकाचा उपयोग मुख्यतः ऊस आणि कारखाना यांच्यातील माहितीच्या देवघेवीसाठी होत होता. आपला ऊस किती भरला, खत किती उचलले, हेच शेतकऱ्याला हवे होते. मग त्यांनी ७ गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणून पाहिला. एसएमएस पाठवावा आणि आपल्या उसाचा हिशेब मिळवावा, एवढेच. खर्च उतरला आणि केंद्र उघडण्याची वाट पाहण्याची गरजही राहिली नाही.

यावरून आम्ही असे शिकलो की, सॉफ्टवेअर करणाऱ्याने आधी माणसाशेजारी बसावे आणि मग यंत्राशेजारी. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी ऊसतोडीचा, शेतमजुरीचा, गवंडीकामाचा अनुभव आहे. हे तुम्ही कमीपणाचे मानता. परंतु लोकांच्या अडचणी घरात बसून तुम्हाला ठाऊक आहेत, त्या समजून घेण्यासाठी इतरांना बंगलोरहून यावे लागले.

आमच्या काउंटरवरचाच एक प्रसंग पाहा. निराधार पेन्शन घेणाऱ्या एक आजी दर महिन्याला येत. एके दिवशी यंत्राने त्यांचा अंगठा ओळखला नाही. चार वेळा पुसून लावला, तरी नाही. जन्मभर खुरपे धरून बोटावरच्या रेषा झिजल्या होत्या. आजी आम्हाला म्हणाल्या, "साहेब, मी मीच हाय की!" आम्ही दुसऱ्या मार्गाने त्यांची ओळख पटविली आणि पैसे दिले, परंतु ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. ज्याने कोणी ती प्रणाली लिहिली तो वाईट माणूस नसणार. रेषा नसलेला अंगठा त्याने कधी पाहिलाच नसेल. तुम्ही पाहिला आहे. मग अंगठा उमटला नाही तर पुढे काय, हा प्रश्न तुमच्या प्रोग्राममध्ये पहिल्या दिवसापासून असला पाहिजे.

दुसरी प्रेरणा सखोल अभ्यासाची. सुभाष खोत हे नाव किती जणांनी ऐकले आहे? १९७८ साली जन्मलेले खोत हे आपल्या शेजारच्या इचलकरंजीचे. १९९५ साली आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत ते देशात पहिले आले. मुंबईच्या आयआयटीतून ते अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात गेले आणि २००२ साली, विद्यार्थी असतानाच, त्यांनी संगणकशास्त्रात एक अंदाज मांडला. काही प्रश्न असे आहेत की त्यांचे बिनचूक उत्तर तर सोडाच, त्याच्या जवळपासचे उत्तर काढणेही संगणकाला वाजवी वेळेत शक्य होणार नाही, असा त्याचा ढोबळ आशय. तो अंदाज आजही पूर्णपणे सिद्ध झालेला नाही, तरी त्याच्या आधारे जगभर संशोधन उभे राहिले आणि २०१४ साली त्यांना नेवानलिना हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. यंत्रमागाच्या गावातला मुलगा संगणकाच्या मर्यादेविषयी जगाला विचार करावयास लावतो, तो गणिताच्या पायावर. म्हणून नवीन भाषा, नवीन कोर्स यांच्या मागे धावण्यापूर्वी गणित आणि तर्क पक्का करा. भाषा दर काही वर्षांनी बदलतात, पाया मात्र तोच राहतो.

तिसरी गोष्ट चिकाटीची आणि ती मात्र आम्ही आमच्या कारकुनीतून सांगू शकतो. आम्ही बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत जाडजूड लेजरे होती. दिवसाअखेर जमा आणि नावे यांची बेरीज जुळली नाही तर घरी जाता येत नसे. एका रुपयाच्या फरकासाठी आम्ही रात्री नऊपर्यंत बसलो आहोत. त्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आम्हाला दोन युक्त्या शिकविल्या. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संशय घ्यावा. ४५० च्या जागी ५४० लिहिले तर फरक येतो ९०. आणि फरक सम असेल तर त्याची निम्मी रक्कम शोधावी, कारण जमेची नोंद नावे पडली तर फरक दुप्पट येतो. म्हणजे चूक शोधताना सगळी व्हाउचरे आंधळेपणाने उलटायची नाहीत. चूकच आपला पत्ता सांगत असते, तो वाचावयास शिकायचे. प्रोग्राममधील दोष शोधणे, ज्याला तुम्ही डीबगिंग म्हणता, ते याहून फार निराळे नसावे. पडद्यावर लाल अक्षरांत चूक आली की मुले घाबरून खिडकी बंद करतात. तसे न करता ती ओळ शांतपणे वाचा, वहीत उतरवा आणि सापडलेले कारण तिच्यासमोर लिहा. वर्षभरात ती वही तुमचा उत्तम शिक्षक होईल.

चौथी गोष्ट अशी की, दुसऱ्याचे काम वाचा. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपले लिनक्स सर्वांसाठी खुले केले. आज जगातील असंख्य संगणक त्यावर चालतात आणि त्याची प्रत्येक ओळ कोणालाही फुकट वाचता येते. आपल्या मागच्या पिढ्यांना पुस्तकाला हात लावण्याची मनाई होती. आज जगातील उत्तमोत्तम प्रोग्राम वाचावयास कोणाची परवानगी लागत नाही. ही संधी सोडू नका.

इंग्रजीच्या भीतीविषयीही थोडे बोलतो. इंग्रजी शिकलेच पाहिजे, त्याला पर्याय नाही. परंतु मराठी ही अडचण आहे असे समजू नका. पूर्वी एका संगणकावर टाईप केलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला की अक्षरांची रांगोळी दिसत असे, कारण प्रत्येक फॉन्टची अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत वेगळी होती. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. आपल्या 'क' चा क्रमांक २३२५. तरीदेखील बँकेत, दवाखान्यात, कचेरीत नावांचे स्पेलिंग जुळत नाही म्हणून आपल्या आयाबहिणींचे अर्ज परत येतात. मराठी नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिले जाते, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच हा प्रश्न सोडविला पाहिजे.

आता त्या मुलाकडे वळू. बँकेची परीक्षा हुकल्यावर तो घरी बसला होता. त्याच्या आईच्या बचत गटाची हिशेबाची वही फाटली म्हणून सहज त्याने मोबाईलवर चालणारा एक छोटा प्रोग्राम केला. रंगीत आलेख वगैरे घातले. बायकांनी पाहिले आणि बाजूला ठेवून दिले. "ह्यात आमचं नाव कुठं लागतंय?" असे त्यांनी विचारले. तो नाराज झाला, पण चार बैठकांना नुसता बसून राहिला. रक्कम मोठ्याने उच्चारायची, मग वहीत नावासमोर लिहायची, ही त्यांची रीत त्याने पाहिली. मग वहीसारखेच रकाने केले आणि रक्कम मराठीत वाचून दाखविण्याची सोय केली. पहिल्याच बैठकीत एका बाईंनी चूक काढली. त्यांनी हजार रुपये कर्ज घेतले होते, शंभर फेडले होते. महिना २ टक्के दराने प्रोग्राम व्याज दाखवत होता २० रुपये. त्या बाईंना अक्षरओळख नाही. त्या म्हणाल्या, "शंभर फिटलं की रं! आता नऊशेवर अठराच हुत्यात." मुलाने घटत्या शिल्लकेऐवजी मूळ रकमेवर व्याज धरले होते.

दोन रुपयांचा तो फरक त्याला खूप काही शिकवून गेला. पुढे मुलाखतीत त्याने इंग्रजी अडखळतच, परंतु हीच हकिगत सांगितली. आज तो पुण्यात एका कंपनीत नोकरी करतो. सुरुवातीला दुसऱ्यांच्या प्रोग्राममधील चुका शोधण्याचे काम मिळाले, आता तो स्वतः लिहितो. आम्ही त्याची क्षमा मागितली तेव्हा तो हसला. म्हणाला, "काका, परीक्षेमुळं गणित तरी सुधारलं." त्याचा मोठेपणा! आमची चूक त्याने चूक राहते.

आता एक रास्त शंका. हल्ली साध्या भाषेत सांगितले की संगणकच प्रोग्राम लिहून देतो, मग आम्ही शिकायचे कशाला, असे मुले विचारतात. आम्ही खोटे आश्वासन देणार नाही. नवशिक्याची जी सोपी कामे होती ती यंत्राकडे जात आहेत, स्पर्धा वाढणार आहे. बँकेत संगणक आले तेव्हा आमच्या आधीच्या पिढीलाही नोकऱ्यांची धास्ती होती. संगणक थांबले नाहीत. आकडे मांडण्याचे काम गेले, पण आकडा बरोबर आहे की नाही हे पाहण्याचे काम राहिले. यंत्राने लिहिलेल्या प्रोग्रामने त्या बाईंना २० रुपये व्याज लावले तर ते कोण ओळखणार? ज्याला व्याज कळते आणि ती बाई कळते, तोच. म्हणून यंत्राची मदत जरूर घ्या, परंतु त्याने दिलेली प्रत्येक ओळ स्वतः समजल्याखाली पुढे पाठवू नका. न समजता सही करणारा कारकून आणि न वाचता प्रोग्राम पुढे ढकलणारा इंजिनिअर, दोघेही दुसऱ्याचा पैसा धोक्यात घालतात.

१९२३ साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ज्या समाजाच्या हाती रुपया येत नव्हता, त्या समाजातील एका माणसाने रुपयाचाच मुळापासून अभ्यास केला. ३० डिसेंबर २०१६ रोजी पैसे पाठविण्याचे भीम अ‍ॅप सुरू झाले, तेव्हा ते बाबासाहेबांच्या नावाने असल्याचे जाहीर करण्यात आले. अ‍ॅपला नाव मिळाले याचा आनंद आहेच. परंतु असे अ‍ॅप लिहिणाऱ्यांत आपली मुले-मुली किती, हा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९८३ पासून राजारामनगरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आपल्या वस्तीपासून तेथपर्यंतचा रस्ता लांब नाही, मनातील अंतर लांब आहे.

शेवटी एक प्रत्यक्ष सूचना करतो. दर रविवारी सायंकाळी संस्थेचे सभागृह दोन तास या मुलांसाठी उघडे ठेवावे, अशी अध्यक्षांना विनंती आहे. प्रत्येकाने वस्तीतील एक अडचण आणावी, मग ती रेशनची असो, शिष्यवृत्तीच्या अर्जाची असो की बचत गटाची. लहान काम घ्यावे, पण पूर्ण करावे, आणि ज्याच्यासाठी केले त्याच्या हातात देऊन गप्प बसून पाहावे. प्रोग्राम आम्ही शिकवू शकणार नाही. परंतु आम्ही जुने लेजर घेऊन हजर राहू आणि फरक कसा काढतात ते दाखवू. पुण्याच्या त्या मुलानेही महिन्यातून एकदा येण्याचे कबूल केले आहे.

आणि आपल्याकडे एखादा मुलगा किंवा मुलगी खचून सल्ला विचारावयास आली, तर आम्ही केले तसे करू नका. आधी विचारा, बाळा, तुला काय करावेसे वाटते?