हे असं का केलं?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे हे कळल्यापासून सकाळपासून तिघांनी माझ्या हातात बिघडलेला मोबाईल दिला. दुरुस्ती मला येत नाही. पण एखादा मोबाईल तसाच का बनवला, हे थोडंफार सांगू शकते.

नोकिया ११०० आठवतो? आपल्यापैकी अनेकांचा पहिला फोन. २००३ साली आला. रंगीत पडदा आणि कॅमेऱ्याचे फोन तेव्हा बाजारात होते. यात दोन्ही नव्हतं. होता टॉर्च, धूळ आत न जाणारा कीपॅड आणि हातातून न निसटणारी पकड. ज्यांनी कधी मोबाईल घेतलाच नाही त्यांना तो विकायचा, हे कंपनीचं उद्दिष्ट. असा माणूस धुळीत, घामात काम करणारा. रात्री वीज असेलच असं नाही. आपलं भारनियमन आठवा! उद्दिष्टातून एकेक निर्णय निघाला आणि पंचवीस कोटींहून अधिक फोन विकले गेले.

आमच्या मीटिंगमध्ये बटण निळं की हिरवं यावर तासभर वाद होतो आणि शेवटी साहेबांना आवडेल ते ठरतं. तेव्हा मी तीन प्रश्न विचारते. हे कोणासाठी? त्यातून धंद्याचं काय साधेल? साधलं की नाही, हे महिनाभराने कशावरून कळेल? उत्तरं मिळाली की आवडीनिवडीचा वाद बराचसा मिटतो.

पण उद्दिष्टही तपासावं लागतं. गिऱ्हाइकाच्या नकळत बिलात विमा घालता येतो, ‘नको’चं बटण दिसणार नाही इतकं फिकट करता येतं. आकडे वाढतातही. याला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा प्रकारांना मनाई केली.

आमच्याकडेही एकदा असं फिकट बटण मागितलं गेलं. मी विचारलं, “फिकट का केलं, ते खाली छापू या का?” कोणी काही बोललं नाही. बटण ठळकच राहिलं.

टॉर्च का दिला, हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगता येतं. फिकट बटणाचं कारण सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाचं दुकान आहे, कोणाचा दवाखाना, कोणाचा क्लास. पुढचा फलक किंवा फॉर्म करून घेताना एवढं जरूर विचारा: यातून काय साधायचंय, आणि ते समोरच्याला सांगता येईल का?