उलट्या वाऱ्याचा प्रवास

शिडाच्या नौकेला वारा लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु ज्या दिशेहून वारा येत आहे नेमके त्याच दिशेला जायचे असेल तर काय करावे, हा प्रश्न समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसाच्या मनात सहसा येत नाही. दर्यावर्द्याच्या आयुष्यात मात्र तो पदोपदी उभा राहतो. नौकेची नाळ थेट वाऱ्याच्या तोंडावर धरली, तर शिडे नुसती फडफडतात, गती मंदावते आणि अखेर नौका मागे रेटली जाते. तरीही माणसाने उलट्या वाऱ्यात दूरदूरचे पल्ले गाठले आहेत. ते कसे, आणि त्यासाठी कोणते निर्णय करावे लागतात, ह्याचा आज थोडा विचार करू.

वाऱ्याशी तिरकस कोन करून धरलेल्या फुगीर शिडावर जो जोर उत्पन्न होतो, त्याचा बराचसा भाग नौकेला आडवे ढकलीत असतो आणि थोडा भाग पुढे ओढीत असतो. आडव्या जोराला तळाचा खोल कणा पाण्यात विरोध करतो. मग पुढे सरकण्यावाचून नौकेला गत्यंतर राहत नाही. फणसाची ओली आठळी चिमटीत दाबली असता जशी पुढे सटकते, तसाच हा प्रकार. म्हणून उलट्या वाऱ्यात नावाडी काही वेळ वारा उजव्या बाजूस घेऊन तिरके जातो, मग नौका वळवून वारा डाव्या बाजूस घेतो, आणि अशा नागमोडी टप्प्यांनी वाऱ्याच्या उगमाकडे चढत जातो. इंग्रज खलाशी ह्या वळण्याला ‘टॅक’ म्हणतात.

ह्या नागमोडीची किंमत किती, ते गणिताने सांगता येते. मुक्काम वाऱ्याच्या उगमाकडे १०० मैलांवर आहे असे समजा. वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन साधणाऱ्या आजच्या चांगल्या नौकेला सुमारे १४१ मैल चालावे लागते. कोन ६० अंशांचा असेल तर २०० मैल. आडव्या चौकोनी शिडांची जुनी जहाजे साडेसदुसष्ट अंशांहून अधिक जवळ सहसा जाऊ शकत नसत. त्यांना २६१ मैल पडत. त्यातच लाटांमुळे जहाज आणखी ११ अंश बाजूला घसरू लागले, तर हाच आकडा ५०० च्या वर जातो. कोनातील थोडाशा फरकाने सारा हिशेब बदलतो, तो असा.

पुढचा प्रश्न बाजू निवडण्याचा. वारा क्वचितच तासन् तास एका दिशेस स्थिर राहतो. तो १० अंशांनी एका अंगाला कलला, तर ४५ अंशांच्या नौकेला एका बाजूने १०० मैल चालून मुक्कामाच्या दिशेने ८२ मैल लाभतात. दुसऱ्या बाजूने तेवढेच श्रम करून केवळ ५७ मैल पदरात पडतात. म्हणून जाणत्यांचा पहिला नियम असा, की ज्या टप्प्यात नाळ मुक्कामाच्या अधिक जवळ रोखलेली राहते, तो टप्पा आधी घ्यावा. दुसरा नियम असा, की नवा वारा ज्या अंगाने येण्याचा संभव दिसतो, त्या अंगाला थोडे सरकून राहावे. आणि तिसरा नियम, एका कडेला फार दूर जाऊ नये. जो नावाडी एका दमात अगदी टोकापर्यंत जातो, त्याला तेथे पोचल्यावर वाऱ्याचा कोणताही पालट लाभत नाही: वारा अनुकूल झाला, तर आपण उगाच इतके दूर आलो असे ठरते, प्रतिकूल झाला, तर पुन्हा एक वळण पदरी येते. मध्याजवळ राहणाऱ्याला मात्र दोन्ही पालटांचा उपयोग करून घेता येतो.

ह्या नियमांचे सुंदर उदाहरण आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर आहे. यंत्रे येण्यापूर्वी मंगळुरी कौले भरून मुंबईकडे निघालेल्या फत्तेमारीला, पावसाळ्यानंतरच्या उघाडीच्या महिन्यांत, उत्तरेकडे जाताना बहुधा वायव्येचा वारा आडवा येई. ह्या गलबतांचे तिरपे शीड वळवणे हे मोठे कष्टाचे काम. बहुधा नाळ वाऱ्यातून फिरवण्याऐवजी वारा पाठीशी घेऊन पुरा वळसा घालावा लागे, आणि त्यात कमावलेले अंतर थोडे गमवावे लागे. जेथे वळण इतके महाग, तेथे वारंवार वळणे परवडत नाही. परंतु निसर्गानेच तेथे दिवसाची दोन वळणे नेमून दिली आहेत. रात्री जमिनीवरून मतलई वारा सुटतो. तो उजव्या अंगाला घेऊन तांडेल उत्तरेकडे सरकत किनाऱ्यापासून थोडा दूर होई. दुपारी समुद्रावरून खारा वारा भरला, की तो डाव्या अंगाला घेऊन पुन्हा किनाऱ्याकडे येई. दोन्ही वेळा गलबत उत्तरेकडेच चढत असे. वारा फिरण्याच्या वेळी आपण योग्य जागी असावे, आणि किनाऱ्याच्या खडकांवर ढकलले जाऊ नये, एवढे भान मात्र अखंड ठेवावे लागे.

रोज फिरणाऱ्या वाऱ्याचा असा उपयोग होतो. पण जो वारा महिनोन् महिने फिरत नाही, त्याच्यापुढे नागमोडी चाल पुरी पडत नाही. तेथे ऋतूच निवडावा लागतो. १४९८ च्या एप्रिल अखेरीस वास्को द गामा मालिंदीहून माहीतगार वाटाड्या घेऊन निघाला आणि सुमारे २३ दिवसांत त्याला मलबारचा किनारा दिसला; नैऋत्येचा वारा त्याच्या पाठीशी होता. परतताना मात्र त्याने ईशान्येचा मोसमी वारा स्थिरावण्याची वाट पाहिली नाही. ऑक्टोबरच्या आरंभी कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून तो निघाला, आणि निर्वात दिवस व उलटे वारे ह्यांच्या कचाट्यात सापडला. तोच समुद्र ओलांडायला त्याला जवळजवळ ३ महिने लागले. रक्तपिती रोगाने सुमारे ३० माणसे दगावली. उरलेल्यांना तीन जहाजे चालवता येईनात, म्हणून पुढे एक जहाज जाळून टाकावे लागले. अरबी समुद्रावरचे नाखवे पिढ्यान् पिढ्या ऋतूचा जो हिशेब पाळीत आले होते, तो न मानण्याची ही किंमत होती.

आणि कधी ऋतूही हाती नसतो. १७८८ च्या मार्च अखेरीस विल्यम ब्लाय ‘बाउंटी’ जहाज घेऊन दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, केप हॉर्नजवळ, पोचला. त्याला ताहितीस जायचे होते. इंग्लंडमधून निघण्यासच उशीर झाल्याने दक्षिणेकडील उन्हाळा सरला होता. समोर पश्चिमेची वादळे, गारा आणि बर्फ. जहाज सुमारे ९१ फूट लांबीचे व चौकोनी शिडांचे. जे थोडेफार अंतर ते पुढे काढी, ते वारा आणि लाटा पुन्हा हिरावून घेत. जहाजात पाणी झिरपू लागले, माणसे थंडीने आजारी पडली. ज्यांची अंथरुणे भिजली त्यांना ब्लायने मागची मोठी खोली झोपायला मोकळी करून दिली. जवळजवळ महिनाभर झुंजल्यावर, २२ एप्रिल रोजी, त्याने नाळ पूर्वेकडे फिरवली. ज्या वाऱ्याने वाट अडवली होती, तोच आता पाठीशी आला. आफ्रिकेच्या टोकाशी थांबून, हिंदी महासागर ओलांडून, २६ ऑक्टोबर रोजी तो ताहितीला पोचला. पुढील वर्षी त्याच जहाजावर झालेल्या बंडामुळे ब्लायचे नाव कठोरपणाशी जोडले गेले. परंतु केप हॉर्नजवळचा त्याचा हा निर्णय दर्यावर्दी म्हणून निर्दोष होता. मुक्काम सोडला नाही, वाट तेवढी सोडली.

पुढे हीच उलटी वाट माणसाने जिंकलीही. १९७० च्या ऑक्टोबरात चे ब्लायथ नावाचा दर्यावर्दी ५९ फुटांची पोलादी नौका घेऊन एकटाच निघाला आणि पश्चिमेच्या वाऱ्यांविरुद्ध, कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करून २९२ दिवसांनी परतला. त्याच्या धैर्याला तोड नाही. पण वाऱ्याच्या जवळ जाणारी शिडे आणि खोल कणा ब्लायपाशी नव्हता, हेही विसरता कामा नये.

हे सारे एकत्र पाहिले, म्हणजे निर्णयांचा क्रम ध्यानात येतो. प्रथम ऋतू, मग मार्ग, मग बाजू, आणि अगदी शेवटी शिडाचा कोन. नवशिका शिडाच्या दोरीशी झटत राहतो, कारण तीच हाती लागते. अनुभवी नाखवा बंदर सोडण्यापूर्वीच आभाळाकडे पाहून निम्मा प्रवास ठरवून टाकतो. वाऱ्याविरुद्ध जाता येते, ह्यात संशय नाही. मात्र आपण खरोखर वर चढत आहो की एकाच जागी फेऱ्या घालीत आहो, हे प्रत्येक वळणावर प्रामाणिकपणे मोजावे लागते. हे मोजमाप ज्याने सोडले, त्याला कितीही वेगवान नौका मुक्कामाला नेऊ शकत नाही.