गाडीत बसण्याआधी खात्री करा

दसरा झाला की आपल्या दिंद्रुड भागातल्या टोळ्या ऊसतोडीला निघायच्या तयारीला लागतात. उचल घेतलेली असते, मुकादम घाई करतो. पाळी चुकली तरी आपण म्हणतो, "बघू फडावर गेल्यावर." आम्ही गटातल्या बाया सांगतो, गाडीत बसण्याआधीच बघा.

आशाताईंकडं 'निश्चय' किट फुकट मिळतं. पाळी आठवडाभर लांबली, की सकाळची पहिली लघवी स्वच्छ भांड्यात धरा. किटच्या खाचेत दोन-तीन थेंब टाका, पाच मिनिटं थांबा. दोन रेघा उमटल्या, तर दिवस गेलेत. 'सी'जवळ एकच रेघ आली आणि पाळी आलीच नाही, तर आठवड्यानं पुन्हा तपासा. 'सी'जवळ रेघच नसेल, तर ते किट खराब, दुसरं मागा.

दिवस गेले असतील तर नर्सताईंकडं नाव नोंदवा. माता-बाल संरक्षण कार्ड फडावर सोबत न्या, तिथल्या दवाखान्यात दाखवा. मूल नको असेल, तरी दुकानातल्या गोळ्या मनानं खाऊ नका; लवकर सरकारी दवाखान्यात जा, कायद्यानं सोय आहे. पोटात जोराची कळ आली, अंगावरून रक्त गेलं, तर थांबू नका.

मोळी आपल्याच डोक्यावर येते. मग पोटातलं आधी आपल्यालाच कळू द्या.