विस्मरण, वनस्पती आणि आपण
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



आयुष्यभर बँकेत बसलेला माणूस औषधांवर काय बोलणार, असे तुम्हाला वाटेल. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला अल्झायमरचे निदान झाले. आतापर्यंत दोन-चार घरांनाच ठाऊक होते. आज सगळ्यांना सांगतो, कारण लपवून काही उपयोग नाही. ज्यांना कळले त्यांनी आपुलकीने काही ना काही आणून दिले. कुणी ब्राह्मीचे सरबत, कुणी हळदीच्या कॅप्सूल, कुणाच्या मुलाने अमेरिकेहून गिंकोच्या गोळ्या पाठवल्या. या बाटल्यांचा जमाखर्च मांडावा म्हणून मी वाचायला बसलो.

आधी जमेची बाजू. झाडपाला म्हणून हसण्यावारी नेऊ नका. मेंदूतल्या पेशी ज्या रसायनांच्या मदतीने एकमेकींना निरोप देतात, त्यांतले एक म्हणजे ॲसिटिलकोलीन. या आजारात ते कमी पडते. गॅलंटामाइन हे औषध त्याचा नाश मंदावते, आणि ते मूळचे स्नोड्रॉप नावाच्या छोट्या पांढऱ्या फुलाच्या झाडातले. बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी १९५० च्या दशकात त्यावर काम केले. अमेरिकेत अल्झायमरसाठी परवानगी मिळाली २००१ साली. झाडापासून गोळीपर्यंत चाळीसहून जास्त वर्षे! दुसरे औषध रिव्हास्टिग्माइन. पश्चिम आफ्रिकेत कॅलाबार नावाची विषारी बी आहे. पूर्वी आरोपीला ती खायला घालून खरे-खोटे ठरवत. तिच्यातल्या रसायनाच्या धर्तीवर हे औषध बनले. दोन्ही औषधे आजार बरा करीत नाहीत, काही जणांची लक्षणे काही काळ थोपवतात, एवढेच.

आता नावेची बाजू. गिंकोची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. तिचा निकाल २००८ मध्ये आला. बहुतेक पंच्याहत्तरी ओलांडलेले ३,०६९ लोक, सुमारे सहा वर्षे. निम्म्यांना गिंको, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. स्मृतिभ्रंश झाला गिंकोवाल्यांपैकी २७७ जणांना आणि दुसऱ्या गटात २४६ जणांना. म्हणजे गिंकोने आजार टळला नाही. हळदीतले कर्क्युमिन काचेच्या नळीत आणि उंदरांत छान काम करते, पण आपल्या पोटातून रक्तात फारच कमी उतरते. रुग्णांवरच्या २४ आठवड्यांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. ब्राह्मीची तर गंमतच आहे. या एका नावाने आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. त्यातल्या एकीने निरोगी माणसांच्या काही छोट्या चाचण्यांत आठवण थोडी सुधारलेली दिसली, पण अल्झायमरवर तसे सिद्ध झालेले नाही.

भाजी-आमटीत हळद घालाच. पण कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर गिंकोने रक्तस्रावाची भीती असते.

माझी खरी काळजी वेळेची आहे. वर्षभर बाटल्या पाजत बसलो, तर तपासणी राहून जाते. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही विसरायला होते आणि त्यावर उपचार आहेत. अल्झायमरच निघाला, तरी लवकर कळलेले बरे. काउंटरवर मी पाहिले आहे, सही जुळत नाही, पेन्शन काढून गेलेला माणूस तासाभराने पुन्हा काढायला येतो. त्या वेळी घरचे धावपळ करतात. नॉमिनेशन, जॉइंट खाते, मृत्युपत्र ही कामे माणसाला स्वतःला समजत असताना, त्याच्या इच्छेने व्हायला हवीत. आम्ही दोघांनी ती बसून केली. तिने प्रत्येक कागद वाचून सही केली.

तरुणांनाही सांगतो. बीपी, शुगर, कमी ऐकू येणे, सिगारेट यांकडे चाळिशीपासूनच लक्ष द्या. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात अशी चौदा कारणे आहेत. ती आवरली तर स्मृतिभ्रंशाची जवळजवळ ४५ टक्के प्रकरणे टळू शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे.

शेवटी एक विनंती. तुमच्या काकू लिफ्टपाशी किंवा दुसऱ्याच मजल्यावर घुटमळताना दिसल्या, तर "ओळखलंत का मला?" असे विचारू नका. त्या ओशाळतात. आपणहून नाव सांगा, चार शब्द बोला आणि आमच्या दारापर्यंत सोडा. पंचवीस वर्षांचा शेजार आहे, म्हणून हक्काने सांगतो.