पहिली नोकरी : उंबरठा, निकाल नव्हे



कंपन्यांना भांडवल उभारून देणे, त्यांची विलीनीकरणे जुळवून आणणे, हे गुंतवणूक बँकेचे काम. नामांकित व्यवस्थापन संस्थेत प्रवेश हुकला की हे दार कायमचे बंद झाले, अशी खंत अनेक घरांत आढळते.

सिडनी वाइनबर्ग यांचे चरित्र या संदर्भात बोलके आहे. आठवीनंतर शाळा सुटलेला हा मुलगा १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या गोल्डमन सॅक्स पेढीत सफाई कामगाराचा मदतनीस म्हणून लागला. तेथील टपालविभागाची त्याने नीट घडी बसवली. १९२७ मध्ये ते भागीदार झाले आणि १९३० पासून १९६९ पर्यंत पेढीचे प्रमुख राहिले.

आज पदवीवाचून प्रवेश नाही, हे खरे. परंतु आडवाटा बुजलेल्या नाहीत. सनदी लेखापाल हिशेबांमागचे वास्तव ओळखतो, पतमानांकन संस्थेतील विश्लेषक कर्जफेडीची कुवत जोखतो, बँकेच्या कर्जविभागातील अधिकारी उद्योगांचे ताळेबंद वाचतो. हीच नजर पुढे गुंतवणूक बँकेत कामी येते.

म्हणून पाल्याच्या पहिल्या नोकरीचा पगार विचारण्याआधी, तेथे तो काय शिकतो आहे, हे अवश्य विचारावे.